मुशीचे माहेर

सेमिनरीत प्रवेश घ्यावयाचा म्हणून स्नानसंस्काराचा दाखला आणण्यासाठी आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत गेलो, तो दिवस आम्हांला अजून आठवतो. वय सतराचे असेल. कचेरीत बसणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी कपाटातून जाडजूड नोंदवही काढली, आमच्या जन्मवर्षाची पाने सावकाश उलटली आणि मग पुन्हा उलटली. धाकट्या भावाचे नाव सापडले, दोन्ही बहिणींची सापडली. आमचे मात्र कुठेच नव्हते. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "बाबा, या वहीप्रमाणे तू अजून जन्मलेलाच नाहीस."

त्या एका वाक्याने आमची झोप उडाली. वडील दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन आले, काका जाऊन आले. वही चुकीची असेल, पान फाटले असेल, लिहिणाऱ्याने आळस केला असेल, असे नाना तर्क झाले. यात पंधरा दिवस गेले. आईला विचारावे हे मात्र कोणाला सुचले नाही. शेवटी एका संध्याकाळी मासळीची टोपली उतरवून ती ओट्यावर बसली असता हा विषय तिच्या कानी पडला, आणि ती पदराने घाम पुसत हसू लागली. "पहिलं बाळंतपण कुठं होतं? माहेरी. मग त्याचं नाव इथल्या वहीत कसं असेल?" दुसऱ्याच दिवशी आजोळच्या देवळातील नोंदवहीत आमचे नाव मिळाले. आईबापांची नावे, धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे नाव, तारीख, सारे काही सुवाच्य अक्षरात. बाजूला कोरी जागा होती. पुढे आमच्या गुरुदीक्षेची नोंद त्याच कोऱ्या जागेत झाली.

ही जुनी कथा येथे सांगण्याचे कारण थोडे चमत्कारिक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी विवाहासाठी दाखला न्यावयास आली होती. तिने सागरी जीवशास्त्राचा अभ्यास केलेला. तिचे नाव शोधता शोधता आम्ही तिला आमच्या हरवलेल्या जन्माची गोष्ट ऐकवली. ती मनमुराद हसली आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "फादर, मुशींच्या बाबतीत शास्त्रज्ञांची अगदी अशीच फसगत होत असे. मुशी जिथे राहते तिथल्याच वहीत तिची पिल्लं शोधायची. खरी नोंद माहेरी असते."

खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्ही तिची थट्टाच केली. माणसांच्या नोंदी धड सापडत नाहीत आणि हे लोक माशांच्या वंशावळी लिहीत बसले आहेत, असे काहीसे आम्ही बोललो. ती रागावली नाही. पुढच्या भेटीत तिने काही छापील कागद आणून आमच्या मेजावर ठेवले आणि ती निघून गेली. ते कागद आम्ही प्रथम शिष्टाचार म्हणून चाळले, मग कुतूहलाने वाचले, आणि वाचून झाल्यावर आमच्या थट्टेची आम्हांला लाज वाटली. त्या वाचनातून आम्हांला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुशी आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना परकी नाही. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देतात. आमच्या जन्माच्या वेळी आईनेही ते खाल्ले असणार. आजोळी सुटीत गेलो असता मामांच्या होडीतून आलेली एक मुशी आजीने अंगणात कापावयास घेतली, तो प्रसंग आमच्या मनावर कोरला गेला आहे. पोट फाडताच आतून बोटभर जाडीची पिल्ले निघाली. ती अंड्यांतली नव्हती. प्रत्येकाला नाळ होती, माणसाच्या बाळाला असते तशी. आजीने आयुष्यभर मासळी कापली होती, हे तिला नवे नव्हते. तरीही ती क्षणभर हात आवरून बसली आणि स्वतःशीच पुटपुटली, "ही पण बाळंतपणालाच निघाली होती." मग तिने काम पुढे चालू केले. घरात नऊ माणसे जेवणारी होती.

आमच्या गढूळ समुद्रातली ती लहान मुशी निराळी आणि प्रवाळखडकांवर राहणाऱ्या मुशी निराळ्या. उष्ण कटिबंधातील स्वच्छ, उथळ समुद्रात प्रवाळांचे खडक वाढतात. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमान येथे ते विपुल आहेत. या खडकांवर राखी मुशी, पांढऱ्या टोकाची मुशी, काळ्या टोकाची मुशी अशा जाती वावरतात. काळ्या टोकाची मुशी साधारण दीड मीटर लांब होते आणि तिच्या पाठीवरच्या परांचे टोक दौतीत बुडवल्यासारखे काळे असते. तिला बांगड्याप्रमाणे लाखो अंडी होत नाहीत. ती सुमारे दहा महिने गर्भ वाहते आणि दोन-चार पिल्लांना जन्म देते. पिल्लाच्या पोटावर नाळेची खूण काही आठवडे ओली राहते. ती पाहून जाणकार त्याचे वय दिवसांत सांगतात. वर्षाकाठी इतकी थोडी संतती देणारा जीव एकदा विरळ झाला की पुन्हा भरून येण्यास फार काळ लागतो, हे उघड आहे.

आता प्रश्न असा की समुद्रातल्या मुशीचे आईबाप कसे ओळखावयाचे? येथेच ज्यांना जनुकीय खुणा म्हणतात त्यांचा उपयोग होतो. मुशीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून मद्यार्कात ठेवतात आणि तिला पुन्हा सोडून देतात. त्या तुकड्यातील पेशींमधून डीएनए वेगळा काढतात. डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर आहे असे मानले, तर त्यात काही जागी तीच दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. माळेत मणी ओवावेत तशी. कोणाच्या माळेत बारा मणी, कोणाच्या पंधरा, कोणाच्या वीस. प्रत्येक जागी जीवाला दोन माळा मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकाच जागेवरून काही सिद्ध होत नाही, कारण बारा मण्यांची माळ पुष्कळांकडे असू शकते. परंतु अशा अनेक जागा तपासल्या आणि प्रत्येक जागी पिल्लाची एक माळ अमुक मादीच्या माळेशी जुळली, तर ती त्याची आई असण्याचा संभव इतका वाढतो की शंकेला फारशी जागा उरत नाही. शिवाय पेशीत डीएनएचा आणखी एक लहानसा भाग असतो, तो केवळ आईकडूनच येतो. आपण आडनाव बापाचे लावतो. निसर्गाने एक आडनाव आईचेही ठेवले आहे.

पॅसिफिक महासागरात ताहिती बेटाच्या शेजारी मोरेया नावाचे एक डोंगराळ बेट आहे. त्याच्या भोवती प्रवाळखडकांचे कडे आहे आणि कड्याच्या आत शांत, उथळ पाणी. काळ्या टोकाच्या मुशी तेथे पुष्कळ आहेत. त्या बेटावरील क्रिओब या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या योहान मूरिए आणि सर्ज प्लान या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेथील प्रौढ मुशींच्या आणि आसपासच्या उथळ पाण्यातील पिल्लांच्या परांचे नमुने गोळा केले. पाण्यात बुडी मारून त्यांनी कित्येक मुशी चेहऱ्याने, म्हणजे परावरील काळ्या रंगाच्या आकृतीवरून, ओळखावयास शिकून घेतल्या होत्या. कोणती मुशी कोणत्या खडकाजवळ नित्य दिसते, हे त्यांना ठाऊक होते. अशा मुशी आपला परिसर सहसा सोडत नाहीत, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. ज्या खडकावर मुशी दिसते तेवढा जपला की मुशी जपली, असे कोणालाही वाटले असते.

माळा जुळवून पाहिल्यावर २०१३ साली जे प्रसिद्ध झाले ते निराळे होते. बहुतेक माद्यांची पिल्ले मोरेयाच्याच पाण्यात सापडली. परंतु काही माद्यांची पिल्ले त्या जिथे नित्य राहत तिथे नव्हतीच. ती दुसऱ्याच ठरावीक उथळ पाण्यात होती. एवढेच नव्हे, तर मोरेयाच्या काही माद्यांची पिल्ले तेतिआरोआ या प्रवाळबेटाजवळ सापडली. तेतिआरोआ तेथून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे आणि मध्ये खोल महासागर आहे. घरचा खडक सोडून सहसा न जाणारी ही मादी बाळंतपणासाठी तेवढा प्रवास करून गेली होती आणि परत आपल्या खडकावर आली होती. ती कधी गेली, कधी आली, हे पाण्यावरून कोणास दिसले नव्हते. पिल्लांच्या पेशींत मात्र ते लिहिलेले होते.

त्याहूनही मोलाची गोष्ट पुढे आहे. ज्या मादीची एकाहून अधिक वेतांची पिल्ले मिळाली, ती दर वेळी त्याच जागी गेली होती. एखादे वर्षी इकडे आणि एखादे वर्षी तिकडे, असे नाही. प्रत्येकीची जागा ठरलेली होती. आम्ही हे वाचले तेव्हा रात्र बरीच झाली होती, आणि आमच्या डोळ्यांपुढे आमची आई उभी राहिली. पोटात आम्ही, हातात एक बोचके, अशी ती खाडी ओलांडून माहेरी निघालेली. त्या दिवशी तिच्या सासरच्या गावात जनगणना झाली असती, तर तिच्या नावापुढे मूल म्हणून कोणी मांडले गेले नसते.

आता या ज्ञानाचा संरक्षणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो अगदी सरळ आहे. मोरेयाचा प्रत्येक खडक जपला आणि तेतिआरोआचे उथळ पाणी भराव घालून बुजवले, तर त्या मादीला दुसरी जागा ठाऊक नाही. मोठ्या मुशी आणखी काही वर्षे खडकावर फिरताना दिसतील, पाहणाऱ्यांना सारे आलबेल वाटेल, आणि एक दिवस त्या म्हाताऱ्या होऊन संपतील. फ्रेंच पॉलिनेशियाने २००६ साली बहुतेक सर्व जातींच्या मुशींना संरक्षण दिले आणि २०१२ साली उरलेल्या जातीलाही त्यात घेऊन आपला सर्व समुद्र, सुमारे ४७ लक्ष चौरस किलोमीटर, त्यांच्यासाठी अभय केला. हे फार मोठे काम आहे. परंतु मुशीला न मारणे वेगळे आणि तिचे माहेर न मोडणे वेगळे. पहिले कायद्याने होते. दुसऱ्यासाठी माहेर कोठे आहे हे आधी कळावे लागते.

त्याच अभ्यासातून दुसरे एक सत्य बाहेर आले, ते आम्हां धर्मगुरूंना विशेष परिचयाचे आहे. बऱ्याच पिल्लांचे आईबाप परस्परांचे निकटचे नातलग असल्याची चिन्हे दिसली. लहान वस्तीत असे होते. आम्हीही लहान गावांत काम केले आहे. विवाहापूर्वी दोन्ही बाजूंच्या नोंदी पिढ्यांमागे नेऊन रक्तसंबंध तपासावे लागतात, आणि कधी कधी असे आढळते की मुलाची आजी आणि मुलीची आजी सख्ख्या बहिणी. वस्ती किती आहे हे एकंदर आकड्यावरून कळत नाही, सोयरिकी किती दूरवर होतात यावरून कळते. मुशींच्या बाबतीतही तसेच आहे. बेटाभोवती शे-दोनशे मुशी दिसल्या म्हणजे वस्ती सुदृढ आहे असे नाही. त्या सर्व एकाच दोन घराण्यांतील असतील, तर एखाद्या रोगाने वा तापलेल्या पाण्याने सगळ्यांवर एकदम संकट येऊ शकते. राखी मुशीची गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर उलटी आढळली. तेथे खडकामागून खडक सलग पसरले आहेत, आणि शेकडो किलोमीटर अंतरावरच्या मुशींतही जनुकीय भेद दिसला नाही. म्हणजे एकीकडे एक मोठे कुटुंब, दुसरीकडे बेटाबेटावर वेगळी घरे. एकच नियम दोन्हीकडे लावून कसे चालेल?

माद्या दर खेपेस त्याच जागी जातात हे कळले, तरी ती जागा त्यांची जन्मभूमी असते काय, हे सिद्ध होणे बाकी होते. त्याचे उत्तर अटलांटिकमधील बहामा देशाच्या बिमिनी बेटावरून आले. तेथे लेमन शार्क नावाची पिवळसर रंगाची मुशी कांदळवनांच्या उथळ पाण्यात पिल्ले देते. सॅम्युअल ग्रूबर यांनी तेथे संशोधन केंद्र उभारले होते. त्यांनी आणि केव्हिन फेल्डहाइम यांनी सहकाऱ्यांसह १९९५ सालापासून दरवर्षी नवजात पिल्ले पकडून, नमुना घेऊन, खूण करून सोडण्याचे व्रत चालवले. जवळजवळ दोन दशके. लेमन शार्कची मादी वयात येण्यास बारा-तेरा वर्षे लागतात, तेव्हा घाईला येथे वावच नव्हता. अखेरीस असे दिसले की १९९३ ते १९९७ या काळात तेथे जन्मलेल्या माद्यांपैकी निदान सहा जणी १४ ते १७ वर्षांनी परत आल्या आणि जेथे त्या स्वतः जन्मल्या होत्या तेथेच त्यांनी पिल्ले दिली. मध्यंतरीच्या काळात त्याच किनाऱ्यावर पर्यटनासाठी बांधकाम होऊन कांदळवनांचा काही भाग नाहीसा झाला होता. माहेरी यावे आणि अर्धे घर पाडलेले दिसावे, अशी ती अवस्था.

जनुकीय खुणांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मरणानंतरचा आहे. मुशीचे पर वाळवून हाँगकाँगच्या बाजारात महागड्या सुपासाठी विकले जातात. कापलेल्या, वाळलेल्या परावरून जात ओळखणे अनुभवी व्यापाऱ्यालाही अवघड जाते, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला तर फारच. फ्लोरिडातील महमूद शिवजी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा परांतून डीएनए काढून जात ओळखण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. पुढे २००९ साली हातोडी मुशीच्या बाबतीत असे दाखवता आले की हाँगकाँगमध्ये तपासलेल्या परांपैकी सुमारे पाचवा हिस्सा थेट पश्चिम अटलांटिकमधून आला होता. म्हणजे पराला जातच नव्हे, तर गावही सांगता येऊ लागले. २०२२ साली पनामा येथे भरलेल्या साइट्स कराराच्या परिषदेत प्रवाळखडकांवरच्या बहुतेक मुशी ज्या कुळात मोडतात, त्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि ते नोव्हेंबर २०२३ पासून अमलात आले. असा कायदा कागदावरच राहू नये, यासाठी पराला बोलते करणारी ही रीत लागते. आपल्या देशाने २०१३ साली समुद्रात पर कापून धड फेकून देण्यास बंदी केली आणि २०१५ साली परांची निर्यातही थांबवली.

वाचकहो, हे सारे ऐकून शास्त्राने मुशी वाचवली असे कोणी समजू नये. नोंदवही लिहिल्याने वस्ती टिकत नाही. २०२० साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ५८ देशांतील ३७१ प्रवाळखडकांवर आमिष लावून कॅमेरे ठेवले होते. जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या खडकांवर एकही मुशी दिसली नाही. त्याच प्रयत्नातून २०२३ साली असा अंदाज निघाला की प्रवाळखडकांवर एरवी सर्रास आढळणाऱ्या पाच प्रमुख जातींची संख्या ६० ते ७३ टक्क्यांनी घटली आहे. जेथे मुशी टिकून होती तेथे एक तर तिला अभय होते, किंवा मासेमारीवर नीट निर्बंध होते. शास्त्र नोंद लिहील; राखावयाचे माणसांनाच आहे.

ते माणसांना जमते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशीची, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या माशाची, शिकार होत असे. २००१ साली कायद्याने तिला संरक्षण मिळाले, पण कायदा कोळीवाड्यात पोहोचला नव्हता. २००४ साली भारतीय वन्यजीव न्यासाने मोहीम सुरू केली आणि कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की ही मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, तिला कोण मारील? तिला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे नाव पडले. जाळ्यात सापडलेली देवमुशी कोळी आपले महागडे जाळे कापून सोडू लागले आणि शासन त्या जाळ्याची भरपाई देऊ लागले. आजवर अशा शेकडो देवमुशी सुटल्या आहेत. महाराष्ट्रातही २०१८ सालापासून संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. सौराष्ट्रात जे दृष्टान्ताने सांगितले गेले, त्याच जातीची गोष्ट मोरेयात आणि बिमिनीत दुसऱ्या मुशींबाबत पेशींच्या पुराव्याने पुढे आली, याचे आम्हांला नवल वाटते. माहेर या शब्दाने काम झाले, आकड्यांनी झाले नसते.

हे सर्व आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क नाखव्याला एका संध्याकाळी बंदरावर सांगितले. ते जाळे सांधत बसले होते. त्यांनी सुई न थांबवता सारे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "फादर, मुशी लहान आणि थोडी झाली हे कळायला आम्हाला यंत्र नको. माझा बाप आणायचा ती मुशी दोघांनी उचलावी लागे. आता माझा नातू एका हातात चार आणतो." थोडा वेळ ते गप्प राहिले. "पिल्लू आलं की मी सोडतो. शेजारची होडी सोडत नाही. मग मी मूर्ख ठरतो. आणि खाडीचं म्हणाल, तर तिथे आम्ही पोरं होतो तेव्हा गुडघाभर पाण्यात मासळीची पिल्लं पायांना लागत. आता गाळ आणि प्लॅस्टिक. मुशीनं परत यावं म्हणता. यायला जागा नको का राहिली?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही उपदेश करण्याच्या बेताने गेलो होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे. एकट्याने पिल्लू सोडणारा मनुष्य तोट्यात जातो आणि सर्वांनी सोडले तर सर्वांच्या नातवंडांना मुशी मिळते, हे त्यांना आमच्याहून अधिक चांगले ठाऊक होते. सौराष्ट्रात जे घडले ते एका माणसाच्या पुण्याईने घडले नाही. एका गावाने ठरवले, मग शेजारच्या गावाने. आम्ही एवढेच म्हणालो की पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे, तेथे हे तुम्हीच बोला, आम्ही शेजारी बसू. ते हसले. "बसा," म्हणाले, "पण कालवणाला मुशी मिळणार नाही म्हणून बायका भांडायला आल्या तर त्यांच्याशी तुम्ही बोला."

ते सभेत बोलले. शेजारची होडी ऐकावयास आली होती, एवढे तूर्त सांगता येते.

काही दिवसांनी दुसऱ्या धर्मग्रामातून टपालाने एक चिठ्ठी आली. ज्या मुलीने आम्हांला ते कागद वाचावयास दिले होते, तिचा विवाह झाल्याची ती सूचना होती. रीतीप्रमाणे आम्ही जुनी नोंदवही काढली, तिच्या स्नानसंस्काराच्या ओळीशेजारची कोरी जागा शोधली आणि तिचे नवे गाव, पतीचे नाव व तारीख तेथे लिहिली. शाई वाळेपर्यंत पान उघडेच ठेवले. त्या पानावर तिच्या आईचीही नोंद असावी म्हणून पाहिले, नव्हती. आईचा जन्म तिच्या माहेरचा. तिची वही निराळी, दोन गावे पलीकडे, आणि ती अजून जपून ठेवलेली आहे.